किटलीतलं पाणी आणि भेंडीच्या दोन ओळी

ती घटना मला आजही आठवते, आणि बहुतेक वेळा चहाचं पाणी ठेवतानाच आठवते. तेव्हा मी शहापूर तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्यात होतो. डोळखांबच्या बाजूला एका पाड्यावर एकट्या राहणाऱ्या आजींची सोन्याच्या पुतळ्यांची माळ एका सकाळी चोरीला गेली. माळ ठेवलेली पेटी भाताच्या चार गोण्यांमागे होती आणि गोण्या पुन्हा जशाच्या तशा रचलेल्या होत्या. म्हणजे चोराला घर ठाऊक होतं आणि वेळही मिळाला होता.

फिर्याद नोंदवली त्याच दिवशी आजींच्या पुतण्याचा कल्याणहून फोन आला. "साहेब, भेंडी तोडायला येते ना, त्या बाईकडे बघा. पाणी प्यायला सारखी आत जाते." अशी आयती माहिती मिळाली की आधी माहिती देणाऱ्याचा संशय घ्यावा, असं मी नव्या पोरांना शिकवायचो. स्वतः मात्र सरळ त्या बाईलाच बोलावलं.

बाई विधवा, आजींच्या मळ्यात रोजाने येणारी. दोन दिवस सकाळी बोलावलं, महिला शिपाई शेजारी बसवून विचारपूस केली, दिवस मावळायच्या आत सोडलं. तिचं एकच म्हणणं, "मी नाय घेतली. त्या सकाळी त्यांचा पुतण्या आत गेला, तो माझ्या भेंडीच्या दोन ओळी तोडून झाल्या तरी आतच होता."

"ओळी नको सांगू, किती मिनिटं ते सांग," मी दरडावलं. मिनिटं तिला सांगता येईनात. ती वेळ मारून नेते आहे असं वाटून ते वाक्य मी जबाबात घेतलंच नाही. तिकडे मळेवाल्यांनी तिला कामाला बोलावणं बंद केलं. चोर ठरली असती तर त्या भागात तिला कुणी दारातही उभं केलं नसतं.

पुतण्यालाही रीतसर बोलावलं. कपडे इस्त्रीचे, उत्तरं तोंडपाठ. "काकीसाठी नवी विजेची किटली आणलेली. आठला आत गेलो, पाणी ठेवलं, पाच मिनिटांत उकळलं, चहा घेऊन बाहेर आलो. पाच मिनिटांत चार गोण्या हलवून परत रचता येतात का, साहेब?"

नाही रचता येत. आजी तेव्हा बाहेरच्या ओट्यावर नाचणी निवडत होत्या. किती वेळ गेला ते त्यांनाही सांगता येईना, पण चहा चांगला कढत होता म्हणाल्या. गॅस संपलेला, चूल थंड, म्हणजे पाणी किटलीतच उकळलं होतं. माणूस मला आवडला नव्हता, पण न आवडणं हा काही पुरावा नव्हे.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठला पुन्हा घटनास्थळी गेलो. आजींनी आमच्यासाठी तीच किटली लावली. डोक्यावरचा पंखा इतका हळू फिरत होता की पाती मोजता आली असती. पाणी काही उकळेना. हवालदार म्हणाले, "किटली बिघडली वाटतं."

"बिघडली नाय रे," आजी म्हणाल्या. "सकाळचे सगळ्यांचे भेंडीचे पंप चालू असतात, तवा लायटीला दमच नसतो."

मी घड्याळाकडे बघत बसलो. पाणी उकळायला तेवीस मिनिटं लागली.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी वायरमनला मीटर घेऊन बोलावलं आणि पंचांसमोर मोजलं. घरात एकशे पंधरा व्होल्ट, किटलीतून जाणारा करंट सव्वातीन अँपिअर. त्याने भागाकार केला, रोध आला पस्तीस ओहम. मग तीच किटली ठाण्यात आणून लावली. दोनशे तीस व्होल्ट, साडेसहा अँपिअर. भागाकार पुन्हा पस्तीसच.

"रोध तोच, म्हणजे किटली ठणठणीत आहे," वायरमन म्हणाला. "आता व्होल्टला अँपिअरने गुणा." ठाण्यात जवळजवळ पंधराशे वॉट आले, आजींच्या घरात पावणेचारशेही पुरते नाहीत. व्होल्ट निम्मे झाले की करंटही निम्मा होतो, त्यामुळे ताकद पावच उरते. ठाण्यात तेवढंच पाणी पाच मिनिटांत उकळलं.

पुतण्यासमोर किटली आणि कागद ठेवला. "पाच मिनिटं तुझ्या कल्याणच्या खोलीतली," मी म्हटलं. "काकीच्या घरात तेवीस लागतात. उरलेली अठरा मिनिटं आत काय करत होतास?" किटली त्याने घरी लावून पाहिली होती, पाड्यावरच्या सकाळच्या विजेची त्याला कल्पनाच नव्हती. त्याने प्यायला पाणी मागितलं. माळ त्याच्या खोलीत साबणाच्या पावडरच्या डब्यात सापडली.

संशय घेणं हे आमचं कामच. पण तो मी समोरच्याच्या बोलण्यावर घेत आलो, आपण काय लिहिलं आणि काय गाळलं यावर कधी घेतला नाही. भेंडीच्या दोन ओळी तोडायला किती वेळ लागतो ते मी नंतर मळ्यात उभं राहून पाहिलं. वीस मिनिटांच्या वर लागला. घड्याळाशिवाय तिने सांगितलेला वेळ बरोबर होता.

पुरवणी जबाब घ्यायला मी स्वतः तिच्या घरी गेलो. या वेळी ते वाक्य शब्दाला शब्द लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"पयल्या दिवशी हेच सांगितलेलं ना मी?"

"हो, हेच सांगितलं होतंत."

"मग तवा लिवलं का नाय?"

मी पेन पुढे केलं. तिने सही केली, आणि मी परत आलो.