पंधरा बादल्या आणि एक परदेशी भिंत

आमच्या बुऱ्हाणपूरच्या शाळेने नावात ‘इंटरनॅशनल’ जोडलं तेव्हा तिथे आंतरराष्ट्रीय असा फक्त भूगोलाच्या तासाचा पृथ्वीगोल होता, आणि तोही अंटार्क्टिकाकडून फुटलेला. जग जवळ येतंय, असं त्या वर्षांत जो तो सांगायचा. सरांनी ठरवलं, आपणच चार पावलं पुढे व्हायचं. अकरावीच्या बारा जणांनी परदेशात जाऊन गरीब मुलांसाठी शाळेची खोली बांधायची! परदेश म्हणून नेपाळ निवडला, कारण तिथे पासपोर्ट लागत नाही.

मी तोवर नेपानगरच्या पुढे गेलो नव्हतो. पण बांधकामातलं मला कळतं, हे मी निवडीच्या वेळी ठासून सांगितलं होतं. आमच्या घरावर वरची खोली चढली तेव्हा भर मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ भिंतींवर पाणी मारायचं काम माझ्याकडे होतं. “पाणी चुकलं की भिंत गेली,” असं बाबा बजावायचे. एवढ्या भांडवलावर मी इंजिनियर झालो होतो.

गोरखपूरपर्यंत रेल्वे, पुढे बस, मग नुसती चढण. डोंगरातल्या त्या गावात एक म्हातारा मिस्त्री खोली बांधत होता. उमेदीत पंजाबात मजुरी केलेली, त्यामुळे हिंदी बोलायचा. सिमेंट तिथवर चढवणं परवडत नव्हतं, म्हणून भिंत दगड-मातीची. आम्ही सेवाभावाने दगड द्यायचो. तो आदराने घ्यायचा, बाजूला ठेवायचा आणि स्वतःला हवा तो उचलायचा. सर फोटो काढायचे. तीन दिवसांत भिंत छातीपर्यंत आली.

आणि माझ्या लक्षात आलं, भिंतीवर कोणी पाणीच मारत नाहीये!

“भो, यांना बेसिकच माहीत नाही,” मी मित्राला म्हटलं.

“मग मिस्त्रीला सांग ना.”

“सांगायचं काय त्यात? करूनच दाखवतो.”

चौथ्या दिवशी उजाडताच, बाकीचे रजईत असताना, मी खालच्या झऱ्यावरून पंधरा बादल्या वर आणल्या आणि भिंतीला मनसोक्त आंघोळ घातली. परोपकाराने ऊर भरून आला होता. थंडीने हात बधिर झाले होते, पण थोर माणसं असल्या गोष्टींकडे बघत नाहीत.

सगळे चहा घेत होते तेव्हा भिंतीला पोट सुटलं. हळूहळू फुगली आणि धपकन खाली बसली.

गावच्या शाळा समितीचे अध्यक्ष धावत आले. पाहुण्यांना कळावं म्हणून हिंदीतूनच मिस्त्रीवर बरसले. दुसरी खोलीही त्यालाच द्यायची होती. ती आता दुसरा कोणी बांधेल, म्हणाले. आमच्या सरांनीही ज्ञानी चेहऱ्याने मान हलवली, “मिट्टी ही खराब लगती है.”

म्हातारा ढिगाऱ्यातली माती चिमटीत घेऊन चोळत राहिला. “मिट्टी तो ठीक थी,” एवढंच, तेही स्वतःशी.

मी तत्काळ पुढे होऊन गुन्हा कबूल केला असं लिहायला मला फार आवडलं असतं. मी दुसरा चहा घेतला. तो संपल्यावर मित्राने कोपर खुपसलं, “बोल ना बे, इंजिनियर.”

बोललो. सरांचा कॅमेरा प्रथमच खाली आला. “गधड्या, मातीच्या भिंतीला पाणी?”

“सर, आपल्याकडे मारतात...”

“आपल्याकडे सिमेंट असतं!”

मिस्त्रीने मला आपादमस्तक न्याहाळलं. “कितनी बाल्टी?”

“पंद्रह.”

“अकेले?”

“जी, दाजू.” मोठ्या भावाला तिथे दाजू म्हणतात, तो माझ्या आजोबांच्या वयाचा होता, पण मला तेवढंच येत होतं.

तो ढास लागेपर्यंत हसला. मग मला चपला काढायला लावून मातीच्या खड्ड्यात उतरवलं. तीन दिवस बाकीचे अकरा जण फोटोत दगड उचलत होते आणि मी कुडकुडत चिखल तुडवत होतो. “अब पानी सिर्फ पीना,” तो येता-जाता बजावायचा. भिंत पुन्हा छातीपर्यंत आली.

निघायच्या दिवशी अध्यक्षांनी सगळ्यांसमोर मिस्त्रीची माफी मागितली आणि दुसरी खोलीही त्याच्याकडेच सोपवली. म्हाताऱ्याने एकच अट घातली. या पाहुण्यांची बस वळणाआड गेल्याशिवाय तो नव्या खोलीचा पाया आखायची दोरीही ताणणार नव्हता.