माणूस खरा, स्मरण कच्चं

आपाची जीभ तिखट आणि स्मरण पक्कं, अशी तिची ख्याती होती. शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत ती बायकांना हदीस शिकवायची. पैगंबरांचं वचन कुणी कुणाकडून ऐकलं, ती नावांची साखळी घडाघडा म्हणायची. सत्तरी ओलांडली आणि कड्या निसटू लागल्या. एकदा तर तिनं चेल्यालाच गुरूचा गुरू करून टाकलं.

शेजारी बसलेल्या लेकीनं सारवासारव केली, "अम्मीला सर्दी झालीये."

"सर्दी नाकाला होते गं, नावांना नाही," आपा म्हणाली.

व्हायचा तो बोभाटा झालाच. हा वर्ग एका मंडळाच्या नावानं चालायचा. त्याच्या चिटणीसबाई भर वर्गात येऊन म्हणाल्या, "आपा, आता आराम करा. विसराळू माणसाचं काहीच धरता येत नाही. वर्ग बंद."

"काहीच?" आपानं चष्मा पुसला. "हदीस पारखणारे तर असं म्हणाले नाहीत. जुन्या काळी एक काझी होता. निवाड्यात त्याचा हात धरणारा नव्हता, पण हदीस सांगताना घसरायचा. पारखणाऱ्यांनी त्याचं सांगणं इतरांच्या सांगण्याशी ताडून पाहिलं आणि लिहिलं, माणूस खरा, स्मरण कच्चं. तो एकटाच सांगेल ती हदीस धरली नाही. पण धर्मशास्त्रातली त्याची समज मानली. त्याला खोटारडा कुणी म्हटलं नाही! अगं, एका पारखणाऱ्यानं तर स्वतःच्या सख्ख्या बापालाही कच्चा म्हटलं. आणि माझी लेक सर्दी सांगते!"

लेकीची मान खाली गेली.

"खाली काय बघतेस? सांग सगळ्यांसमोर. मी कशी?"

लेक उठली. "अम्मी खरी आहे. स्मरण… कच्चं झालंय."

"शाब्बास! आजपासून हदीस तू पुस्तकातून वाचायची, अर्थ मी उलगडायचा. चिटणीसबाई, मंडळाची पाटी न्या काढून. खोली माझ्या भावाची आहे. खिळा मात्र राहू द्या, तो आमचा."

कुणीतरी फिस्सकन हसलं. चिटणीसबाई तरातरा निघाल्या, त्यांच्यामागून काहीजणी उठल्या.

"उरलेल्यांनी पुढे सरका," आपा म्हणाली. "हं, तर काल आपण…"

लेक घुटमळली. मग मोठ्यानं म्हणाली, "परवा, अम्मी."

"परवा. असंच टोकायचं, कुजबुजायचं नाही. वाच."