मुंबईत थंडी मोडायची वाट

"संक्रांत होऊ दे, थंडी मोडू दे, मग रोप बाहेर काढ," आई म्हणायची. आमच्या खानदेशात पौषातल्या रात्री इतक्या गार की कोवळं रोप सकाळी काळं पडलेलं दिसायचं. आई गेली तेव्हा तिच्या गाडग्यातलं मिरचीचं नि टमाट्याचं बी पदराला बांधून मी अंधेरीला आणलं. शेत भावाने विकलेलं. तिचं म्हणून माझ्याकडे तेवढंच उरलं.

गिरण्या बंद पडल्या त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. तेलाच्या कापलेल्या डब्यांत सगळं बी पेरलं, मागे काही ठेवलं नाही. डबे मोरीजवळच्या खिडकीत. हे मरोळच्या कारखान्यात, सकाळी जायचे ते दिवेलागणीला परत. दिवसभर मी रोपांशीच बोलायचे. सातवीत शाळा सुटलेली; शेजारणींत बसले तर काहीतरी चुकीचं बोलून जाईन, ही धास्ती.

संक्रांत झाली. मी थंडी मोडायची वाट बघत होते. मोडणार काय, ती आलीच नव्हती! रोपं उजेडाकडे वाकून दोऱ्यासारखी लांब झाली.

शेजारच्या मालवणी मावशींनी एकदा दारातून पाहिलं.

"गो, शिमगो इलो. किती दिस घरात ठेवतलंस?"

"थंडी जाऊ दे ना, मावशी."

"मुंबयत थंडी? भ्या तुका वाटता की त्या रोपांका?"

मला इतकी लाज वाटली की त्याच दुपारी टमाट्याची सगळी रोपं चाळीमागच्या मोकळ्या जागेत लावून टाकली. घरात वाढलेली ती; संध्याकाळी उकडलेल्या भाजीसारखी पडली. मी तिथेच मातीत बसून रडले.

मावशी आल्या. "मिरची आसा मां? मग रडतंस कित्याक?"

त्यांनी सांगितलं तसं केलं. मिरचीचे डबे पहिल्या दिवशी तासभर कोवळ्या उन्हात, मग रोज थोडं जास्त. आठवड्याने, ऊन उतरल्यावर लावली, दुपारी वर गोणपाट. डब्यांपायी मी रोज सकाळी गॅलरीत उभी राहू लागले. मावशी तांदूळ निवडत बसायच्या. बोलणं फार नसायचं, तरी बरं वाटायचं.

चार रोपं जगली. मावशींनी कालवणाला एक हिरवी मागितली, तर बी धरायचं म्हणून मी घाबरत नाही म्हटलं. "ऱ्हवांदे," म्हणाल्या, आणि बाजारातून आणली. मिरच्या झाडावरच लाल झाल्या, बी ठेवलं. टमाट्याचा मात्र एक दाणा राहिला नाही. आईचा टमाटा आंबट होता की गोड, ते विचारायला आता कोणी नाही, आणि मलाही नक्की आठवत नाही.