शेपटीकडून पाहिलं तर

आमच्या भागातल्या निम्म्या बायकांना गाडी ज्यांनी शिकवली, त्यांना सगळ्या क्लचबाई म्हणतात. तोंडावर नाही, माघारी. मीही त्यांच्याकडेच शिकले. शिकवणीच्या गाडीत त्यांच्याही पायाशी एक क्लच आणि एक ब्रेक असतो. समोरून ट्रक अंगावर येवो नाहीतर कुत्रं आडवं पळो, त्यांचा आवाज काही चढत नाही. "क्लच. आता ब्रेक. आता श्वास घ्या." ऐन वेळी डावं-उजवं विसरणाऱ्या माझ्यासारख्या बायकांच्या मनगटाला त्या केसांचा रबर अडकवायच्या आणि म्हणायच्या, "हा हात डावा. बाकीचा विचार करू नका."

अशा बाईंचा डाव्या-उजव्यावरून पुरता गोंधळ उडाला, त्याची ही हकिकत. बरीचशी त्यांनीच सांगितली, शेवटचं मी स्वतः पाहिलं.

त्यांचे यजमान लिफ्ट दुरुस्त करायचे. आयुष्य उंच इमारतींच्या काळोख्या बोगद्यांत गेलं, म्हणूनच की काय, त्यांना नाद लागला होता उघड्या आकाशाचा. हलक्या लाकडाची, बिनमोटारीची विमानं बनवायची आणि गावाबाहेरच्या टेकाडावर जाऊन रिमोटने उडवायची. वारा उताराला धडकून वर चढतो, त्या वाऱ्यावर ही ग्लायडरं तासन्‌तास तरंगतात म्हणे. बाई कधी पाहायला गेल्या नाहीत. घरात भुसा होतो, सरसाचा वास सुटतो आणि सुट्टीच्या दिवशी नवरा उन्हात रापून येतो, एवढीच त्यांची या नादाशी ओळख.

मग एक दिवस सकाळी दाढी करता करता यजमानांनी हाक मारली, "अगं, जरा पायरी दे."

"काय देऊ?"

"पायरी! पायरी!" ते चिडून नळाशेजारच्या टॉवेलाकडे बोट दाखवायला लागले. बोट दाखवणारा उजवा हात मधेच खाली गळून पडला.

इस्पितळातून घरी आले तेव्हा चालता येत होतं. उजव्या हातात जोर नव्हता, आणि शब्द जागेवर नव्हते. चहाला खिडकी म्हणायचे. वरला खाली म्हणायचे, हो म्हणायचं असलं की कधी कधी नाही निघायचं. बोलणं शिकवायला येणाऱ्या मुलीने बाईंना समजावलं, "त्यांना सगळं कळतंय, काकू. शब्द काढायला जातात आणि हाताला शेजारचाच लागतो. त्यांच्या आवडीचं काम पुढ्यात ठेवा. कामाच्या ओघात शब्द सुटे होतात."

आवडीचं काम मागच्या खोलीतल्या टेबलावर अर्धवट पडलं होतं. पंख तयार, धड तयार, शेपूट बाजूला. बाईंनी पदर खोचला आणि खुर्ची ओढली.

दुसऱ्याच्या डोक्यातली वस्तू आपल्या हाताने जोडायची, आणि त्या डोक्यातून येणारे शब्द भलतेच, म्हणजे काय होतं याची कल्पना करा. ते म्हणायचे, "चमचा." बाई स्क्रू-ड्रायव्हर पुढे करायच्या, मग पक्कड, मग सुई, मग कात्री. शेवटी हवा असायचा सरस. ते हसायचे, कधी रडकुंडीला यायचे. कधी बाईच उठून स्वयंपाकघरात जाऊन उगाच एखादं धुतलेलं भांडं पुन्हा धुवायच्या. पण शेपूट बसली. तिच्या उभ्या पट्टीला, म्हणजे विमान वळवणाऱ्या रडरला, आतल्या छोट्या मोटरपासून निघणारी तार जोडली. नाकात बॅटरी बसवली. पंख धडावर ठेवून रबरबँडांनी आवळले. मग यजमानांनी डाव्या हाताची बोटं पंखाखाली टेकवून अख्खं विमान उचलून धरलं. शेपूट खाली गेली. त्यांनी मान हलवली. बाईंनी नाकात शिशाचा तुकडा चिकटवला. पुन्हा उचललं. आता नाक किंचित झुकलं आणि तिथेच थांबलं. ते समाधानाने म्हणाले, "मंगळवार."

"मंगळवार तर मंगळवार," बाई म्हणाल्या.

आधी रिमोट चालू करायचा, मगच विमानाची बॅटरी जोडायची. बंद करताना आधी विमान, मग रिमोट, हे मात्र त्यांनी हाताने करून करून पक्कं शिकवलं. रिमोट बंद असताना विमान जागं राहिलं, तर ते कुणाचंच ऐकत नाही. बाईंना हे लगेच पटलं. चावी न काढता गाडीतून उतरणाऱ्या कितीतरी शिष्या त्यांनी पाहिल्या होत्या.

मग आली तपासणी. विमान टेबलावर, नाक बाईंकडे. ते पलीकडे, शेपटीच्या बाजूला बसलेले. बाईंनी रिमोटची दांडी डावीकडे ढकलली. रडर डावीकडे वळलं. उजवीकडे ढकलली, उजवीकडे वळलं. बाई खूश.

"उलटं," ते म्हणाले.

"अहो, बरोबर आहे की. हे बघा."

"उलटं. उलटं आहे."

सकाळीच त्यांनी सुलट्या वर्तमानपत्राला उलटं म्हटलं होतं. आदल्या दिवशी शर्टाला. बाईंनी त्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाल्या, "बरं, उलटं तर उलटं." त्यांनी टेबलावर मूठ आपटली, उठले आणि आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. बाईंना वाटलं, थकले असतील.

टेकाडावर त्यांचे जुने सोबती होते पोस्टमन. नोकरी कधीच संपली, नाव तेच राहिलं. त्यांनी दोघांना बघताच टोपी काढून हवेत फिरवली. मग बाईंना नियम सांगायला लागले. उतारावर खाली कुणी फिरायला आलंय का ते आधी बघायचं. माणसांच्या डोक्यावरून विमान न्यायचं नाही, एकदासुद्धा नाही. सोडताना आणि उतरवताना मोठ्याने ओरडून सांगायचं. पोस्टमन विमान घेऊन लांब चालत गेले आणि रिमोटचं तिथवर ऐकू येतंय का, हे रडर हलताना पाहून आले. रडर हलत होतं. कुठल्या बाजूला, हे त्यांनीही पाहिलं नाही.

"वहिनी, आणि ते तुमच्याकडे तोंड करून येत असलं ना, की डावं-उजवं बदलतं बरं का! तेव्हा जो पंख खाली झुकेल त्या बाजूला दांडी."

"आणि लांब जात असलं तर?"

"तर झुकेल त्याच्या विरुद्ध."

बाईंनी डोळे मिटून मनातल्या मनात एकदा म्हणून पाहिलं आणि रिमोट घट्ट धरला.

पोस्टमननी चिमूटभर सुकं गवत उडवलं, वाऱ्याकडे तोंड केलं, विमान डोक्यावर सपाट धरलं आणि ओरडले, "सोडतोय!" ते हातातून सुटलं आणि काय सांगू, बाई म्हणतात, आवाजच नाही. इतकी मोठी वस्तू हवेत आणि आवाज नाही. तेवढ्यात डावा पंख किंचित झुकला. विमान लांब जात होतं, म्हणजे विरुद्ध. बाईंनी उजवीकडे दांडी दिली. ते आणखी डावीकडे झुकलं. आणखी उजवीकडे दिली, ते आणखीच. बाईंचा पाय गवतात ब्रेक शोधायला लागला, अगदी खरोखर, टाच रुतेपर्यंत. यजमान मागून ओरडत होते, "उजवं! उजवं!" का डावं म्हणायचं होतं त्यांना? बाईंनी काहीच केलं नाही. विमानाने एक गिरकी घेतली आणि खालच्या झुडपात जाऊन पडलं.

झुडपातून विमान काढून घरी आणलं. पंख फाटला होता, बाकी धडधाकट.

दुसऱ्या दिवशी बाई पंख चिकटवायला बसल्या. टेबलावर जागा नव्हती म्हणून धड फिरवून ठेवलं, शेपूट आपल्याकडे. सहज रिमोट चालू केला, बॅटरी जोडली, दांडी डावीकडे नेली. रडर उजवीकडे गेलं.

त्यांनी पुन्हा करून पाहिलं. मग उठून टेबलाच्या पलीकडे गेल्या, तिथून पाहिलं. पुन्हा अलीकडे आल्या. शिकवणीच्या गाडीत कधी कुणाला त्यांनी बॉनेटकडे पाठ करून बसवलं होतं का? नाही. विमान शेपटीकडून पाहायचं असतं. शेपटीकडून पाहिलं तर ते उलटंच होतं. जोडतानाच उलटं जोडलं गेलं होतं आणि तो माणूस तेच सांगत होता, साध्या, योग्य शब्दांत सांगत होता.

बाईंचं डोकं चक्रावलं ते विमानामुळे नाही. त्यांना वाटलं, मग बाकीचं? त्या सकाळीच त्यांनी औषधाची डबी ढकलून "उद्या" म्हटलं होतं. बाई धावत जाऊन डबी तपासून आल्या. औषध आजचंच होतं, बरोबर होतं. वर्तमानपत्र सुलटंच होतं. शर्ट? शर्ट तर धुऊन वाळत पडला होता, आता काय कळणार! सगळे शब्द चुकीचे असते तर एक वेळ निभावलं असतं. सगळे बरोबर असते तर प्रश्नच नव्हता. अधूनमधून एखादा खणखणीत खरा, आणि ओळखायचा कसा, याचा काही पत्ताच लागेना.

त्या आतल्या खोलीत गेल्या. "अहो, उलटंच होतं."

त्यांनी वर पाहिलं. मग म्हणाले, "नाही."

आता हे हो होतं की नाही होतं? बाईंना हसू आलं, आणि हसता हसता त्यांना रडू कसं आलं ते त्यांनाही समजलं नाही. यजमानांनी डावा हात बाईंच्या पाठीवरून फिरवला आणि त्यांना मागच्या खोलीत नेलं. रिमोटच्या मागे एक बारीकसा खटका होता. तो त्यांनी नखाने सरकवला. रडर सरळ ऐकायला लागलं.

दुसऱ्यांदा टेकाडावर गेले त्या दिवशी मीही होते. बाईंनी मला गाडी चालवायला नेलं होतं, त्यांचं सगळं लक्ष विमानात होतं म्हणून. या वेळी पोस्टमननी रडर शेपटीकडून बघितलं, आणि बाईंनीही, आणि मग मलाही बघायला लावलं. खालच्या वाटेवरून एक जोडपं जात होतं, ते पार निघून जाईपर्यंत सगळे थांबले. यजमान बाईंच्या मागे जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर ठेवले. कुणी सांगितलं नव्हतं.

"सोडतोय!"

विमान लांब गेलं. डाव्या खांद्यावर बोटं घट्ट दाबली गेली. बाईंनी दांडी डावीकडे नेली. विमान उताराच्या कडेने वळलं. मग उजव्या खांद्यावर नुसता स्पर्श, कारण त्या हातात जोरच नव्हता. डावीकडचं कळत होतं, उजवीकडचं जेमतेम. दोनदा वाऱ्याची झुळूकच बाईंना त्यांचा हात वाटली आणि विमान भलतीकडे गेलं. मग ते वळून आमच्याकडे तोंड करून यायला लागलं, आणि तिथे सगळंच फिरलं. मला दिसत होतं की ते या बाजूला झुकलंय, बाई त्याच बाजूला दांडी देत होत्या, आणि ते सरळ होत होतं. मला काहीच उमगेना. नंतर विचारलं तर बाई म्हणाल्या, "मलाही नाही उमगलं. मी विमानाकडे बघतच नव्हते म्हण ना. खांदे ऐकत होते."

वारा चढा होता. ते वर वर जात राहिलं, पोस्टमन तोंडाने "अरे वा, अरे वा" करत राहिले. यजमान बोलत होते, सगळं उलटंसुलटं, लिफ्टच्या मजल्यांसारखं काहीतरी, "पाचवा, पाचवा, दार." त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही, त्यांनीही नाही. उतरवताना बाई "उतरतंय!" अशा ओरडल्या की खालच्या रस्त्यावरच्या माणसाने वर पाहिलं. विमान वाऱ्याकडे नाक करून गवतावर घसरत आलं, एक पंख टेकला आणि अर्धवट फिरून थांबलं. बाईंनी धावत जाऊन आधी बॅटरी काढली, मग रिमोट बंद केला.

त्याला आता बरेच महिने झाले. शब्द काही परत आले, काही नाही. बोलणं शिकवणारी मुलगी म्हणते, आणखी येतील, पण किती ते कुणी सांगू शकत नाही. बाई अजून फसतात. कधी खऱ्या शब्दाला चुकीचा समजतात, कधी उलट. पूर्वी त्या लगेच दुरुस्त करायच्या, आता दोन्ही बाजूंनी विचारून बघतात, इतकाच फरक.

मागच्या सुट्टीला मी पुन्हा त्यांच्याबरोबर गेले होते. ऊन उतरलं होतं, विमान गाडीत ठेवून झालं होतं, पोस्टमन गेले होते. बाईंनी विचारलं, "अहो, निघू या ना घरी?"

"हो," ते म्हणाले.

बाईंनी चावी फिरवली, हँडब्रेक खाली केला. शेजारी बसलेल्या यजमानांनी डावा हात पुढे करून हँडब्रेक वर ओढला आणि तो तसाच त्यावर ठेवून टेकाडाकडे बघत राहिले. बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग इंजिन बंद केलं, आणि आम्ही तिघं पुन्हा गाडीतून खाली उतरलो.