दुपारी येणारे क्लिक

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या इमारतीखालच्या मोबाइलच्या दुकानात. मला फोनची बॅटरी बदलून घ्यायची होती आणि माझ्या पुढे एक उंच, जरा पोक काढून उभा राहणारा तरुण होता. घरून आणलेला स्वयंपाकघरातला वजनकाटा त्याने काउंटरवर मांडला होता आणि त्यावर तो एकेक पॉवर बँक ठेवून बघत होता. दुकानदार छताकडे बघत उभा होता. एक डबी त्याने परत सरकवली. हिच्यावर लिहिलीय तेवढी वीज हिच्यात असेल तर ही इतकी हलकी असूच शकत नाही, म्हणाला. दुसरी मात्र आकाराच्या मानाने फार जड भरली. तिचे पैसे त्याने दिले आणि तिथेच स्क्रूड्रायव्हर काढून ती उघडली. आत छोटीशी बॅटरी होती, आणि उरलेल्या जागेत प्लास्टिकच्या पुडीत बांधलेली वाळू.

"झालं समाधान, शंकासुरा?" दुकानदार म्हणाला. त्यालाही ती वाळू नवीनच असावी, कारण त्याचं तोंड उतरलं होतं.

शंका विचारणारी मुलं मी शाळेत शिकवताना पुष्कळ पाहिली. त्यांतल्या बऱ्याच जणांना दुसऱ्याला अडचणीत आणायचं असतं. हा मात्र आपलं खरं ठरल्यावर खूश झाला नाही, उलट खट्टू झाला. वाळू निघू नये असंच त्याला वाटत असावं.

पुढे कळलं की हा आमच्याच वरच्या मजल्यावर आईबरोबर राहायला आलाय. आईच्या रक्तदाबाचं मशीन त्याने डॉक्टरांच्या मशीनशी ताडून पाहिलं होतं, आणि मग डॉक्टरांचं मशीन दुसऱ्या डॉक्टरांच्या मशीनशी. आई म्हणायच्या, "बाई, हा लहानपणी मला विचारायचा, तू माझीच आई कशावरून."

हा स्वभाव त्याने कामाला लावला होता. फोन, चार्जर, पंखे, इस्त्र्या अशा वस्तू तपासून त्यांच्याबद्दल तो आपल्या साइटवर लिहायचा. पूर्वी तो एका कंपनीच्या विक्री विभागात होता. जी वस्तू स्वतःच्या घरी नेली नसती तिचं कौतुक करण्याचा पगार मिळायचा. ती नोकरी सोडून त्याने हे सुरू केलं. वस्तू तो साध्या दुकानातून, स्वतःच्या पैशाने आणायचा. कंपनी स्वतःहून पाठवते तो नग निवडून पाठवलेला असतो, अशी त्याची खात्री होती. त्याचे वाचक पुष्कळ होते. दुकानात उभं राहून, फोनवर त्याचा लेख उघडून, मग खिशात हात घालणारी माणसं मी स्वतः पाहिली आहेत. प्रत्येक लेख तो आधी मला वाचायला द्यायचा. साध्या माणसाला कळेल ना, एवढंच विचारायचा. ती साधी माणूस मी.

वाचक होते, पण उत्पन्न नव्हतं. पानाच्या तळाशी दोन जाहिराती होत्या आणि तिथवर कुणी पोचतच नव्हतं. घरभाडं, आईची औषधं, तपासायच्या वस्तू, सगळं साठवलेल्या पैशांतून चाललं होतं. साइट पोट भरेनाशी झाली तर परत त्याच विक्री विभागात जावं लागेल, हे त्याने मला सांगितलं तेव्हा तो माझ्याकडे बघत नव्हता.

एका रविवारी त्याची ताई आणि भाऊजी जेवायला आले होते. मीही होते. भाऊजी जाहिरातींच्या धंद्यातले. त्यांनी साइट उघडली, बराच वेळ वर-खाली केली आणि हसायला लागले. फोटो इतके जड की फोनवर पान उघडेपर्यंत वाचक कंटाळून निघून जातो. जे फोन आता बाजारातच नाहीत त्यांचे लेख सगळ्यांत वर. चार्जरचा लेख वाचणाऱ्याला केबलचा लेखही आहे, हे कुठे सांगितलेलंच नाही. फोटो हलके कर, जुने लेख नवे कर, एकातून दुसऱ्यात जायला वाट दे, आणि जाहिराती मधे आण, जिथे माणूस निकाल वाचायला थांबतो तिथे.

"लोकांनी जाहिरातीवर बोट ठेवलं की तुला पैसे," भाऊजींनी समजावलं.

"कुणीही ठेवलं तरी?" आईंनी पाणी ओतता ओतता विचारलं.

"कुणीही," भाऊजी म्हणाले.

या मदतीबद्दल त्यांनी जाहिरातींच्या उत्पन्नात छोटासा वाटा मागितला. ते बोलायला फार गोड होते, आणि गोड बोलणाऱ्या पालकांची मला पहिल्यापासून धास्ती.  जिना उतरताना माझ्या मनात पाल चुकचुकली.

त्यालाही सगळं एकदम पटलं नव्हतं. पैसे घेऊन कौतुक छापणार नाही, हे त्याने आधीच सांगून टाकलं. बाकीचे बदल करीन, पण एका वेळी एकच, आणि परिणाम बघून मग पुढचा. भाऊजींनी कपाळाला हात लावला. "अरे, तू घर रंगवायला घेतलंस तर एक वीट रंगवून पावसाळ्याची वाट बघशील."

पण गुण येत गेला. फोटो हलके झाल्यावर माणसं टिकून वाचायला लागली. जाहिराती मधे आल्यावर पैसे थोडे वाढले. त्याच्या आईंनी मला पेढे वाटल्यासारखा चेहरा करून ही बातमी दिली. मग उत्पन्नाने एकदम उडी मारली, आणि त्याच दिवसापासून हा आकडे परत परत मोजायला लागला.

"वाचक होते तेवढेच आहेत, बाई," तो माझ्या दारात उभं राहून म्हणाला, "मग बोट ठेवणारे कुठून आले? कुठेतरी पाणी मुरतंय."

क्लिक रोज दुपारी, जेवणानंतरच्या वेळेत, आपल्याच गावातून येत होते. बूट, विमा, गाद्या, काहीही असो, उघडायचं आणि लगेच मिटायचं. अशा माणसाला बूट घ्यायचे नसतात, एवढं मलाही कळलं. थोड्याच दिवसांत जाहिरात कंपनीचा इशारा आला: हे क्लिक खरे नाहीत, थांबले नाहीत तर तुमचं खातं कायमचं बंद.

त्याचा संशय भाऊजींवर गेला. धंदा त्यांना ठाऊक, वाटा त्यांचा, आणि दुपारी ऑफिसात त्यांना मोकळा वेळ. माझाही संशय तिकडेच गेला, खोटं कशाला सांगू. तरी म्हटलं, सरळ विचार त्यांना. पण विचारून खरं कळतं यावर त्याचा विश्वास नव्हता. त्याने चाचणी लावली. घरातूनच भाऊजींना फोन करून सांगितलं की बुधवारी दिवसभर जाहिराती बंद ठेवणार आहे. प्रत्यक्षात त्या चालूच ठेवल्या. बुधवारी क्लिक आले नाहीत तर दाबणारा तोच, ज्याला हे सांगितलं होतं.

बुधवारी एकही खोटा क्लिक आला नाही. गुरुवारी परत सुरू.

रविवारी त्याने ताईला आणि भाऊजींना बोलावलं आणि साक्षीला मला. आलेख टेबलावर ठेवला आणि एखादी इस्त्री तपासावी तसा थंडपणे सगळा क्रम सांगितला. भाऊजींचा चेहरा पांढरा पडला. ताई म्हणाली, माझ्या नवऱ्याला चोर म्हणायला तू आम्हाला जेवायला बोलावलंस का? तो म्हणाला, मी काही म्हणत नाही, बुधवार म्हणतोय.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "बुधवारी कसे येतील?" त्या म्हणाल्या. "तूच फोनवर म्हणालास ना बंद ठेवणार म्हणून. मग आम्ही कुणी दाबलंच नाही."



आईंना वाटलं, बुधवारी क्लिक कमी पडले म्हणून विचारतायत. त्यांनी सांगितलं की खाली बाकावर बसणाऱ्या सगळ्या मैत्रिणी जेवण झालं की त्याचं पान उघडतात. एकीकडे बूट, एकीकडे विमा, असं वाटून घेतलंय, उगाच सगळ्यांनी तेच तेच दाबू नये म्हणून. "गाद्या माझ्याकडे," त्या म्हणाल्या.

आणि या गृहस्थाने काय करावं? डोळे बारीक करून आईकडे पाहिलं. "तू जावयाला पाठीशी घालतेयस."

आईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. इतके दिवस दुपारची झोप मोडून केलेले कष्ट मुलगा खोटे म्हणतोय, हे त्यांना सहन होईना. त्यांनी फोन काढला, चष्मा लावला आणि सगळ्यांसमोर पान उघडून गादीच्या जाहिरातीवर बोट टेकवलं. त्याने पडद्यावर पाहिलं. क्लिक आला होता. तरी त्याला खरं वाटेना, तेव्हा त्या गॅलरीत जाऊन खालच्या बाकाला हाका मारायला लागल्या. ताईने त्यांना आत ओढून आणलं.

भाऊजींच्या समोर उभा राहून "चुकलं माझं" म्हणायला त्याला वेळ लागला. भाऊजींनी टेबलावरचा आलेख त्याच्याकडे परत सरकवला. मग म्हणाले, "तुझ्या जागी मी असतो तर मीही माझ्यावरच संशय घेतला असता. वाटा मलाच मिळत होता." ताई मात्र न जेवता उठली.

त्याने कंपनीला खरं ते कळवलं: क्लिक माझ्या आईने आणि तिच्या मैत्रिणींनी केले, प्रेमापोटी, आता थांबलेत. पत्र मी वाचलं होतं. एकही शब्द खोटा नव्हता, पण मीच ते दुसऱ्या कुणाचं म्हणून वाचलं असतं तर हसले असते. कंपनीने खातं बंद केलं.

मग त्याने तीच हकिकत साइटवर लिहिली. जाहिराती का गेल्या ते वाचकांना कळलं पाहिजे, म्हणाला. वाचक त्याच्याच वळणाचे. आईला पुढे करू नका, कुठल्या कंपनीला विकले गेलात ते सांगा, अशी पत्रं आली. मी त्याला इतकं दुखावलेलं कधी पाहिलं नव्हतं. "माझ्यावर विश्वास ठेवायला यांना काय लागतं?" त्याने मला विचारलं. मग स्वतःच्याच प्रश्नावर थोडा वेळ विचार करत बसला, आणि आलेख, बुधवारची चाचणी, भाऊजींवरचा आरोप, कंपनीचं उत्तर, सगळं जसंच्या तसं साइटवर लावून टाकलं.

पुढचा मार्ग भाऊजींनीच सुचवला. लेख सगळ्यांना फुकट राहू देत. ज्यांना परवडेल त्यांनी वर्षाची वर्गणी द्यावी, आणि पुढे काय तपासायचं ते वर्गणीदारांनी ठरवावं. त्याने हेही आधी थोड्याच वाचकांवर करून पाहिलं. आईवर विश्वास न ठेवणाऱ्यांपैकी काहींनी वर्गणी भरली. कारण विचारल्यावर एकाने लिहिलं की, खोटं बोलणारा माणूस याहून बरं कारण शोधतो.

विक्री विभागात त्याला परत जावं लागलं नाही. ताई येते, पण त्याला पूर्वीसारखी चिडवत नाही. सध्या वर्गणीदारांच्या सांगण्यावरून तो पाणी गाळायची यंत्रं तपासतोय. ती समोरच्या खोलीत जमिनीवर मांडलेली असतात आणि आईंना गॅलरीत जायचं तर भिंत धरून जावं लागतं.