कडव्यागणिक जयजयकार

“कविता सैनिकाचीच हवी, इंग्रजी हवी आणि स्फूर्तिदायक हवी,” लेबर ऑफिसर म्हणाले. “पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनाला तू वाचणार आणि आपले इंग्रज चीफ इंजिनिअर ऐकणार आहेत. तुझं कन्फर्मेशनही त्यांच्याच सहीनं होतं, माहीत आहे ना?”

कन्फर्मेशन म्हणजे कच्ची नोकरी पक्की होणे. पिंपरीच्या आमच्या कारखान्यात मी टाइम ऑफिसात, म्हणजे कामगारांची हजेरी लागते तिथे, कारकून आहे. सकाळी पुण्याला कॉलेज, दुपारून ड्युटी. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला. नोकरी गेली तर कॉलेजही सुटणार.

अडचण कवितांचीच होती. पहिल्या महायुद्धात लढाईवर निघालेल्या इंग्रज सैनिकांच्या कवितांत देशासाठी मरण गोड असतं. खंदकात हिवाळा काढलेले मात्र चिखल, उवा आणि सेनापती यांवर लिहितात. मला दुसऱ्या जास्त खऱ्या वाटल्या. भीत भीत त्यातलीच एक निवडली.

“सैनिकाचीच ना?” लेबर ऑफिसरांनी एवढंच विचारलं.

पंधरा ऑगस्टला वाचायला उभा राहिलो. आमच्याकडे एक रीत आहे. बोलणारा थांबला की गेटवरच्या पहारेकऱ्यांचे प्रमुख, लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार शिंदे, हात वर करतात आणि सगळा कारखाना ‘भारतमाता की जय’ म्हणतो. भाषणाला ते शोभतं. कवितेला कडवी असतात, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

पहिल्या कडव्यात शिपाई मेला. मी श्वास घेतला. जय! दुसऱ्यात त्याला मरायला पाठवणारा जनरल शेकोटीपाशी जेवत होता. त्याहून मोठा जय! चीफ इंजिनिअरांचा चेहरा लाल झाला. शेवटचं कडवं मी कसंबसं उरकलं.

“सुभेदार, इसका मतलब मालूम है?” चीफसाहेबांनी विचारलं.

सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी चाचरत मराठीत अर्थ सांगितला.

“आरं, ह्यो तर आमच्याच पलटणीतला हाय की!” ते हसले आणि साहेबांकडे वळले. “साब, जो सिपाही शिकायत नहीं करता था, उसको हम डाक्टर के पास भेजते थे.”

साहेब खो खो हसले. तेही लढाईवर जाऊन आलेले होते, हे तेव्हा कळलं.

“काय राव,” टाइमकीपर म्हणाला, “जनरलला शिव्या तू दिल्यास आणि घसा आमचा बसला!”

नोकरी पक्की झाली. पुढच्या वर्षी पेटीवर गाणं ठेवायचं, असं लेबर ऑफिसरांनी त्याच दिवशी ठरवलं.

देशावरचं प्रेम आणि देशाच्या कारभाऱ्यांवरचा राग एकाच शिपायाच्या पोटात मावतो, हे कॉलेजात शिकलो होतो. तो राग वरिष्ठांपुढे वाचायचा असेल तर मध्ये दम खाऊ नये, हे कारखान्यात शिकलो.