सेक्रेटरींची अर्धी दाढी

चारकोपच्या सलूनमध्ये एक काका दाढीला बसले होते. कुठल्याशा सोसायटीचे सेक्रेटरी. कमरेला पंपरूमची किल्ली, गालावर फेस. मी नुकताच सॅन मारिनोहून आलो होतो, त्यामुळे जो भेटेल त्याला पिळत होतो.

“इटलीच्या पोटात, डोंगरावरचा इवलासा देश, काका. पर्यटकांची रीघ असते. राष्ट्रप्रमुख दोन, दर सहा महिन्यांनी नवे. पायउतार झाले की लोक त्यांच्याविरुद्ध तक्रार करू शकतात.”

“पायउतार झाल्यावर?” काका खुर्चीतून उडालेच. “नशीबवान रे! इथे माझा राजीनामा मंजूर करायला मीटिंग लावतो, तर कोरमच होत नाही!”

तेवढ्यात फोन वाजला. सोसायटीची टाकी वाहत होती. काका तसेच फेसासकट धावले.

इथेही सेक्रेटरी दोघं असते, तर एकाची तरी दाढी पूर्ण झाली असती.